आजोळी नकोसा झालेला भाचा : कैसर विल्हेल्म आणि १९०८ ची मुलाखत

२८ ऑक्टोबर १९०८, बुधवार. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकात एक लांबलचक मजकूर छापून आला. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं; सार्वजनिक जीवनातून निवृत्त झालेला एक इंग्रज गृहस्थ, एवढीच त्याची ओळख दिली होती. बोलणारा मात्र साऱ्या जगाला ठाऊक होता : जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म दुसरा. सुरुवातीलाच त्याने वाचकांना ऐकवलं होतं, ‘तुम्ही इंग्रज लोक वेडे आहात, वेडे, मार्चमधल्या सशांसारखे वेडे.’ तिकडच्या रानसशांचा तो जोडीचा हंगाम. त्या दिवसांत ते भर शेतात मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना गुद्दे घालतात. अवघ्या राष्ट्राला त्याने हे विशेषण त्याच राष्ट्राच्या, लाखो घरांत जाणाऱ्या वर्तमानपत्रातून बहाल केलं.

पण ही मुलाखत भांडण काढायला दिलेली नव्हती. दोन देशांमधलं वैर निवावं, आपण इंग्लंडचे मित्र आहोत हे इंग्रजांना एकदाचं पटावं, म्हणून कैसरने ती छापायला परवानगी दिली होती. त्याने इंग्लंडविरुद्ध केलेली भाषणं काही कमी नव्हती. पण त्या सगळ्या भाषणांपेक्षा मैत्रीच्या या जाहीरनाम्याने त्याचं इंग्लंडमधलं नाव जास्त खराब केलं, असं माझं मत आहे. शत्रू म्हणून इंग्रजांना तो एक वेळ सोसवला असता. नेपोलियनबद्दलही त्यांच्या मनात धाकाइतकाच आदर होता. कैसरबद्दल जे होतं ते वेगळंच : घरच्या माणसाबद्दल असते तशी चीड.

आजी, मामा आणि भाचा

इतिहासाची इंग्रजी पुस्तकं या नात्याला ‘व्हिक्टोरियाचा नातू’ म्हणून मोकळी होतात. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे. इंग्लंड हे कैसरचं आजोळ होतं. त्याची आई विकी ही राणी व्हिक्टोरियाची थोरली लेक. प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, राजघराण्यात दिलेली. २७ जानेवारी १८५९ ला बर्लिनमध्ये हा मुलगा पायाळू जन्माला आला. बाळंतपण फार अवघड गेलं, त्यात त्याच्या डाव्या हाताच्या नसा दुखावल्या आणि तो हात जन्मभर लुळा व आखूड राहिला. पुढच्या सगळ्या फोटोंत तो हात तलवारीच्या मुठीवर किंवा हातमोज्यांच्या जोडीवर ठेवून झाकलेला दिसतो.

आईचं मन माहेरीच राहिलं होतं. सासरचं राजकारण, सासरच्या रीतीभाती, सगळं तिला इंग्लंडच्या मानाने डावं वाटायचं आणि ती ते लपवायची नाही. बर्लिनचा दरबार तिला ‘ती इंग्रजीण’ म्हणायचा. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या मनात इंग्लंडबद्दल एकाच वेळी ओढ आणि डिवचलेपण साठलं, तर नवल नाही. १८६३ मध्ये मामाच्या, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डच्या, लग्नाला चार वर्षांचा विल्हेल्म विंडसरला आला होता. स्कॉटिश पोशाख घालून बसवलेला हा भाचा गप्प बसावा म्हणून धाकट्या मामांनी दटावलं, तेव्हा तो त्यांच्या उघड्या पायांना चावला, असं सांगतात. राजघराण्यात ही गोष्ट कित्येक वर्षं कौतुकाने आणि पुढे वेगळ्या सुरात सांगितली जायची.

१८८८ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो सम्राट झाला. दुसऱ्या वर्षी आजीने त्याला ब्रिटिश आरमाराचं सर्वोच्च मानद पद दिलं, ‘ॲडमिरल ऑफ द फ्लीट’. त्याने ब्रिटिश राजदूताला लिहिलं की नेल्सनने घातला तोच गणवेश आपण घालणार या कल्पनेनेच घेरी येते. इथपर्यंत गोड होतं. पण तो गणवेश त्याने खराच मानला. ब्रिटिश आरमार कुठे कमी पडतं, काय सुधारायला हवं, याबद्दल तो सल्ले देऊ लागला. मानाचा फेटा बांधला म्हणजे पाटीलकी मिळत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण?

वाइट बेटावरच्या काउस इथल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती ही मामाची आवडती सुट्टी. १८८९ पासून भाचा तिथे दरवर्षी येऊ लागला. सोबत युद्धनौका, बँड, आणि पुढे खास बांधून घेतलेली शर्यतीची ‘मिटिऑर’. नियमांवर वाद, हार झाली की कुरकुर. काही वर्षांत मामाने शर्यतीतून अंगच काढून घेतलं. राजकारण अजून मध्ये आलेलंच नव्हतं. एक मध्यमवयीन गृहस्थ आणि त्याची सुट्टी नासवणारा भाचा, एवढंच प्रकरण होतं.

एक तार

आजोळच्या अंगणातलं हे भांडण रस्त्यावर आलं ३ जानेवारी १८९६ ला. दक्षिण आफ्रिकेत जेम्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काही शे स्वार घेऊन बोअरांच्या, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या लोकांच्या, ट्रान्सवाल या देशावर धाड घातली आणि तो पकडला गेला. कैसरने अध्यक्ष क्रूगर यांना अभिनंदनाची तार केली : मित्रराष्ट्रांची मदत न मागता तुम्ही शांतता राखलीत! इंग्लंडमध्ये आग भडकली. जर्मन दुकानांच्या काचा फुटल्या. आजीने पत्र लिहिलं. त्यात ‘तुझी आजी या नात्याने’ आपल्याला किती वाईट वाटलं ते होतं. मामाच्या मते भाच्याचे चांगले कान उपटायला हवे होते. आजीने मामाला समजावलं की असल्या बोचऱ्या उत्तरांनी नुसतं बिघडतं; पोराचा दोष उतावीळपणाचा आहे आणि गर्वाचा.

या तारेत कैसर चूक काय बोलला, हे मात्र इंग्रजांना नीटसं सांगता आलं नसतं. धाड बेकायदा होती. खुद्द ब्रिटिश न्यायालयाने जेम्सनला पंधरा महिन्यांची शिक्षा सुनावली. पण जनतेने त्याला डोक्यावर घेतलं आणि आठ वर्षांनी तो दक्षिण आफ्रिकेतल्याच ब्रिटिश केप कॉलनीचा पंतप्रधान झाला. तेव्हा ‘आम्हाला कैसरचा स्वभाव आवडत नाही’ या वाक्यातला ‘स्वभाव’ हा शब्द वाचताना थोडं सावध राहिलेलं बरं. आमच्या चोराला तू चोर म्हणालास, हाही राग त्यात मिसळलेला असतो.

ज्या दिवशी तो बोलला नाही

जानेवारी १९०१ मध्ये आजी ऑस्बोर्नच्या राजवाड्यात मृत्युशय्येवर होती. कैसरला कोणी बोलावलं नव्हतं. तो बर्लिनमधले समारंभ सोडून निघाला. मामा-मावश्यांना धडकी भरली, आता हा इथे येऊन काय तमाशा करणार! त्याने आल्यावर सांगितलं की आजीला एकदा बघावं अशी इच्छा आहे, पण जमणार नसेल तर मी समजून घेईन. मग त्याने तिच्या उशाशी गुडघे टेकून, एका चांगल्या हाताने, सुमारे अडीच तास तिला आधार दिला. दुसरा हात निकामी, त्यामुळे हात बदलण्याची सोय नव्हती. २२ जानेवारीच्या संध्याकाळी तिने प्राण सोडला तेव्हा ती त्याच्या हातावरच होती.

लंडनच्या रस्त्यांवर लोकांनी त्याला मनापासून मान दिला. पाच वर्षांपूर्वीची तार विसरली गेली. तो अंत्यविधीसाठी थांबला, दोन आठवडे राहिला, आणि इंग्रज आणि बोअर यांच्यात १८९९ पासून चाललेल्या युद्धातून परतलेल्या ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना त्याने ‘ब्लॅक ईगल’ हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान दिला. या सन्मानावरून जर्मनीत त्याला शिव्या पडल्या, कारण तिथली जनता बोअरांच्या बाजूची होती.

हा प्रसंग मी मुद्दाम लांबवला. तोच माणूस, तोच भडक मिशांचा चेहरा, तेच इंग्रज. त्या पंधरवड्यात त्यांना तो आवडला. म्हणजे तो जर्मन आहे, दिसायला असा आहे, लष्करी थाटात वावरतो, ही अडचण नव्हती. त्याने काहीतरी केलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मुलाखत कशी घडली

नोव्हेंबर १९०७ मध्ये कैसर पाहुणा म्हणून विंडसरला आला. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शांततेचं भाषण झालं, टाळ्या पडल्या. त्यानंतर त्याने दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथजवळ, कर्नल स्टुअर्ट-वॉर्टली यांच्या हायक्लिफच्या वाड्यात विश्रांतीसाठी मुक्काम केला. इंग्रज सरदाराचं घर, समुद्राची हवा, आणि ऐकून घेणारा सभ्य यजमान. कैसर मनसोक्त बोलला. पुढच्या सप्टेंबरात, तेव्हा जर्मनीत असलेल्या अल्सासमधल्या लष्करी सरावाला वॉर्टली पाहुणे म्हणून गेले, तेव्हा आणखी बोलणं झालं. वॉर्टलींना खरोखर वाटत होतं की ही मनातली मैत्री लोकांपुढे आली तर दोन देशांचं भलं होईल. त्यांनी त्या गप्पांची मुलाखत रचून मसुदा कैसरकडे पाठवला.

इथे कैसरच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याने नियमाप्रमाणे तो मसुदा चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचे सरकारप्रमुख, ब्यूलोव यांच्याकडे पाठवला. ब्यूलोव नॉर्डरनाय बेटावर सुट्टीवर होते. आपण तो वाचलाच नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं. तसाच परराष्ट्र खात्याकडे ढकलला. खात्यातल्या अधिकाऱ्याने तपशिलाच्या किरकोळ दुरुस्त्या केल्या. मजकूर छापावा का, हा प्रश्न आपल्याला विचारलाय असं त्याला वाटलंच नाही. सरकारी टेबलांवरून फिरलेल्या कागदाचं हे नशीब आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. सम्राटाच्या बोलण्याची सर्वांना इतकी सवय झाली होती की वाचणाऱ्याच्याही डोळ्यांना काही खुपलं नाही.

नक्की काय खुपलं

मुलाखतीतले मुद्दे थोडक्यात असे. जर्मनीतल्या मध्यम आणि खालच्या वर्गात इंग्लंडबद्दल प्रेम नाही. मी तिथे अल्पमतात आहे, तरी तुमची बाजू घेतो. बोअर युद्धात फ्रान्स आणि रशियाने मला सुचवलं होतं की मिळून इंग्लंडला धुळीला मिळवू. मी नाही म्हटलं आणि ते आजीला कळवलं. बोअरांचं शिष्टमंडळ युरोपभर मिरवत होतं, मी भेटायला नकार दिला. आणि शेवटचं, सगळ्यांत जड : डिसेंबर १८९९ मध्ये तुमचे पराभवामागून पराभव होत होते, आजीचं दुःखाने भरलेलं पत्र मला आलं, तेव्हा मी दोन्ही बाजूंचं बळ मागवून घेतलं, मोहिमेचा आराखडा तयार केला, माझ्या सेनापतींकडून तपासून घेतला आणि विंडसरला पाठवला. योगायोग असा की लॉर्ड रॉबर्ट्स यांनी पुढे जिंकताना वापरलेला मार्ग बराचसा तसाच होता. आता सांगा, हे काय इंग्लंडचं वाईट चिंतणाऱ्याचं काम?

त्या डिसेंबरातल्या एका आठवड्याला इंग्रज ‘काळा आठवडा’ म्हणतात. स्टॉर्मबर्ग, मागर्सफॉन्टेन, कोलेन्सो असे तीन पराभव आठवड्याभरात झाले; मेलेले, जखमी आणि कैद झालेले मिळून सुमारे २,८०० सैनिक गेले. त्यानंतर सरसेनापती म्हणून पाठवलेले रॉबर्ट्स हे कानपूरला जन्मलेले, हिंदुस्थानातल्या फौजेत हयात घालवलेले म्हातारे सेनानी. त्यांचा एकुलता मुलगा कोलेन्सोलाच पडला होता. पोराचं दुःख गिळून हा माणूस बोटीवर चढला, हे १९०८ मध्ये प्रत्येक इंग्रज घराला आठवत होतं. रॉबर्ट्स हयात होते. आणि आता त्यांच्या विजयात बर्लिनहून कोणी वाटेकरी निघाला होता.

युद्धमंत्री हॉल्डेन यांना संसदेत विचारलं गेलं. युद्धखात्याच्या दप्तरात असा काही आराखडा नाही, असं उत्तर मिळालं. कैसर साफ खोटं बोलत होता असंही नाही. त्याने त्या हिवाळ्यात मामाला युद्धाबद्दलचे आपले ‘विचार’ क्रमांक घालून पाठवले होते. पण त्यातला १९०० च्या फेब्रुवारीतला एक विचार काय होता ते बघा. कैसरने मामाला आठवण करून दिली की उत्तम फुटबॉल संघसुद्धा झुंजून हरला की हार खिलाडूपणे मान्य करतो. गेल्या वर्षी क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हरल्यावर इंग्लंडने नाही का प्रतिस्पर्ध्याचं मोठेपण मान्य केलं! सैनिकांची प्रेतं अजून उचलली जात होती आणि भाचा क्रिकेटचा दाखला देत होता. १८९९ ची ती मालिका ऑस्ट्रेलियाने खरंच जिंकली होती. माहिती अगदी बरोबर. मामाने उत्तर धाडलं की हा साम्राज्याच्या अस्तित्वाचा लढा आहे, खेळ नव्हे.

माझ्या मते या प्रकरणाची गाठ या क्रिकेटच्या दाखल्यात आहे. इंग्रजांशी त्यांच्याच बोलीत बोलावं, असा त्याचा प्रामाणिक प्रयत्न होता. त्याला इंग्रजी अस्खलित यायचं, क्रिकेटचे निकाल पाठ होते, होड्यांच्या शर्यती होत्या, आजोळचे किस्से होते. इंग्रजांना खेळाच्या भाषेत बोलायला आवडतं हे त्याने हेरलं होतं. ती भाषा कुठे थांबवायची, हे मात्र त्याला कळलं नाही. परका माणूस चुकला असता तर लोक हसून सोडून देते. हा निम्मा इंग्रज असून चुकत होता, म्हणून त्याच्या चुकीला अडाणीपणा म्हणता येईना. ती मग्रुरी ठरली.

उपकारांचंही तेच. केलेलं बोलून दाखवू नये, हे आपल्याकडेही आज्या शिकवतात. लग्नात दिलेल्या आहेराची यादी मांडवात वाचून दाखवणारा पाहुणा प्रत्येक खानदानात एखादा असतो, आणि त्याचा आहेर कितीही भारी असला तरी लोक त्याच्याकडे पाठ करूनच हसतात. इंग्रज उच्चवर्गाने या शिकवणीचा जवळजवळ धर्म केला होता. मोठं काम केलं तर ‘काही विशेष नाही’ म्हणायचं, कोणी आभार मानले तर विषय बदलायचा, आपलं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून येईल याची निवांत खात्री बाळगायची. हा विनय फार सोज्वळ होता असं समजण्याचं कारण नाही. अर्ध्या जगावर सत्ता असलेल्याला स्वतःबद्दल बोलायची गरजच काय? गर्वाचाच तो ठेवणीतला, बिनजरीचा पोशाख. नव्याने उदयाला आलेल्या जर्मनीचा सम्राट जरीचा फेटा बांधून आला, एवढंच.

शिवाय यादी वाचताना त्याने तिसऱ्यांच्या चहाड्या केल्या. फ्रान्सशी इंग्लंडचा १९०४ मध्ये समझोता झाला होता, रशियाशी १९०७ मध्ये. त्यांची जुनी खासगी बोलणी त्याने चव्हाट्यावर मांडली. जर्मन आरमार कशासाठी, तर एक दिवस पॅसिफिकचा प्रश्न उभा राहील त्यासाठी, असं सांगून इंग्लंडचा १९०२ पासूनचा दोस्त जपानही त्याने दुखावला. आणि मेलेल्या आजीचं दुःखाचं पत्र छापील कागदावर आणलं. ऑस्बोर्नला आजीला टेकू दिलेल्या हातानेच हे केलं, असं कोणी तेव्हा लिहिलं की नाही, कोण जाणे. वाटलं मात्र अनेकांना असणार.

हसणं आणि त्यानंतर

गंमत म्हणजे खरं वादळ उठलं ते जर्मनीत. आपला सम्राट बोअरांविरुद्ध इंग्रजांना मदत करत होता, हे ऐकून उजवे-डावे सगळे खवळले. १० आणि ११ नोव्हेंबरला राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, सर्व पक्षांनी त्याच्यावर टीका केली. कैसर बर्लिनपासून दूर शिकारीला गेला होता. डोनाउएशिंगनच्या मुक्कामात त्याचं मन रमावं म्हणून त्याच्या लष्करी सचिवालयाचे प्रमुख जनरल ह्युल्सेन-हेसेलर यांनी नर्तकीचा घोळदार झगा घालून नाच केला आणि नाच संपताच हृदयविकाराने कोसळून ते गतप्राण झाले. हे मी रचलेलं नाही. १७ नोव्हेंबरला ब्यूलोव यांनी कैसरकडून यापुढे घटनेच्या मर्यादा सांभाळण्याचं निवेदन वदवून घेतलं आणि कैसर अंथरुणाला खिळला.

इंग्लंडमध्ये मात्र मुख्यतः हसू झालं. मामा म्हणाला की भाच्याच्या आजवरच्या सगळ्या राजकीय चुकांत ही सर्वांत मोठी. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचा त्याच नोव्हेंबरातला एका खासगी पत्रातला शेरा जास्त गंभीर आहे : हा सम्राट आपल्याला म्हातारं करतोय, तो वाफ भरलेल्या, पंखे फिरत असलेल्या पण सुकाणू नसलेल्या युद्धनौकेसारखा आहे, आणि एक दिवस कशावर तरी आपटून अनर्थ करील. ग्रे यांनी त्याला दुष्ट म्हटलेलं नाही. मला वाटतं त्या पिढीच्या इंग्रज मुत्सद्द्याला दुष्टपणाशी व्यवहार करता येत होता. बेभरवशाच्या माणसाशी कसं वागावं, हे कळत नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कैसरने ब्रिटिश आरमारमंत्री लॉर्ड ट्वीडमथ यांना परस्पर खासगी पत्र लिहून तुमची जर्मन जहाजांची भीती हास्यास्पद आहे असं कळवलं होतं. मामाने थंडपणे लिहिलं की माझ्या मंत्र्याला परस्पर पत्र लिहिण्याचा हा नवाच प्रघात. ज्या गणवेशाने घेरी आली होती त्याच्या हक्काने हे पत्र गेलं होतं.

स्वभाव की जहाजं?

इथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की हे सगळं वरवरचं नाही का? इंग्लंडची खरी चिंता जर्मन आरमाराची होती. १८९८ आणि १९०० चे आरमारी कायदे, १९०८ ची दुरुस्ती, तीप्रमाणे चार वर्षं दरवर्षी चार मोठ्या युद्धनौका. १९०९ मध्ये लंडनमध्ये घोषणा घुमली, ‘आम्हाला आठ हव्यात, आम्ही थांबणार नाही’, आणि आठ ड्रेडनॉटना, म्हणजे नव्या प्रकारच्या अवाढव्य युद्धनौकांना, मंजुरी मिळालीच. कैसर मितभाषी, विनयशील असता आणि जहाजं तेवढीच बांधली असती, तर इंग्रजांनी त्याला पसंत केलं असतं का?

बहुधा नाही. पण अविश्वास आणि तिटकारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाजांनी अविश्वास निर्माण केला. तो हिशेबाचा होता, हिशेब बदलला की बदलू शकणारा. या माणसाच्या बोलण्याने तो हिशेब भावनेत उतरवला, आणि एकदा का भावना झाली की जहाजांचे आकडे कोणी मोजत बसत नाही. मुलाखतीचा मजकूर खरा मानला तर त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे होतं की जर्मन जनतेला इंग्लंड आवडत नाही, एकटा मी तुमचा. म्हणजे मैत्रीचा सगळा भार या एका माणसाच्या स्वभावावर. इंग्रजांनी त्या स्वभावाकडे पाहिलं आणि जहाजं बांधायला घेतली.

आणि एक गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. कैसरची मुलाखत आली २८ ऑक्टोबरला. बरोबर पाच दिवसांनी, २ नोव्हेंबर १९०८ ला, व्हाइसरॉय मिंटो यांनी जोधपूरच्या दरबारात मामाचा, म्हणजे बादशहा सातव्या एडवर्डचा, हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना आणि प्रजेला उद्देशून संदेश वाचला. व्हिक्टोरियाच्या १८५८ च्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली होती. त्यात बादशहांनी म्हटलं होतं की गेल्या अर्धशतकातल्या आमच्या कष्टांकडे आम्ही स्वच्छ नजरेने आणि समाधानी विवेकाने पाहतो. त्या दिवशी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. २२ जुलैला मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि तिच्या निषेधात गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या. भाच्याने स्वतःची पाठ थोपटली तर ती मग्रुरी. मामाने थोपटली तर तो राजकीय संदेश. केलेलं बोलून दाखवू नये हा नियम बरोबरीच्यांमध्ये पाळायचा, प्रजेसमोर नव्हे, असा त्याचा पोटनियम असावा. कैसरची खरी चूक कदाचित हीच : इंग्रज जसे आपल्याशी बोलायचे तसा तो इंग्रजांशी बोलला.

पुढे

तिटकारा एकसारखा चढत गेला, असंही नाही. १९१० मध्ये मामाच्या अंत्ययात्रेत घोड्यावरून जाणाऱ्या कैसरला आणि १९११ च्या मे महिन्यात आजीच्या पुतळ्याचं अनावरण बघायला आलेल्या कैसरला लंडनच्या गर्दीने आनंदाने दाद दिली. दोन्ही वेळा तो शोकाच्या किंवा स्मरणाच्या निमित्ताने आला होता, फारसं बोलायला मिळालं नव्हतं.

१९१४ नंतर सगळंच पुसलं गेलं. १९०० मध्ये चीनला निघालेल्या सैनिकांना त्याने हूणांचा आदर्श सांगितला होता. इंग्रजांनी तो शब्द उचलून सगळ्या जर्मनांना चिकटवला. १९१५ मध्ये विंडसरच्या प्रार्थनामंदिरातला त्याचा ध्वज उतरवला. १९१७ मध्ये मामेभाऊ पंचम जॉर्जने घराण्याचं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतलं. १९१८ च्या निवडणुकीत ‘कैसरला फाशी द्या’ ही घोषणा चालली. तोवर कैसर हॉलंडला पळाला होता, आणि पहिल्या आश्रयाच्या घरी पोहोचल्यावर त्याने मागितला तो चांगला इंग्लिश चहा.

हॉलंडमधल्या डोर्नच्या वाड्यात लाकडं फोडत तो आणखी दोन दशकं जगला. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा हॉलंडमध्ये घुसल्या तेव्हा चर्चिलच्या सरकारने एक्क्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याला इंग्लंडमध्ये आश्रय देऊ केला. आजोळचं दार बावीस वर्षांनी उघडलं होतं. तो गेला नाही. पुढच्या महिन्यात पॅरिस पडलं आणि त्याने हिटलरला अभिनंदनाची तार केली.